नळीमागच्या रेषा

निवटी डब्यातून उडाली आणि थेट त्याच्या खिशात गेली.

तारापूरहून बोईसरला निघालेल्या शेअर रिक्षात मागच्या सीटवर आम्ही दाटीवाटीने बसलो होतो. माझ्या मांडीवर प्लास्टिकचा डबा, डब्यात खाडीचा ओला चिखल, आणि चिखलात दोन-चार निवट्या. पामच्या फाट्याजवळ रिक्षाने खड्डा घेतला, झाकण सरकलं, आणि एक निवटी शेजाऱ्याच्या पांढऱ्या, कडक इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात जाऊन बसली. पेनाच्या शेजारी. टपोरे डोळे वर काढून.

तो ओरडला नाही. जागच्या जागी गोठला. मान न हलवता, जेमतेम ओठ उघडून त्याने विचारलं,

"हे… काय आहे?"

"निवटी. मासा आहे. हलू नका, मी काढते."

"मासा पाण्यात राहतो, असं मला शिकवलंय."

"हा चिखलात राहतो. चालतोसुद्धा. म्हणून तर शाळेत नेतेय."

"माशाला शाळेत घालताय?"

मी दोन बोटं त्याच्या खिशात घातली होती, त्यामुळे हसणं शक्य नव्हतं. त्याचं हृदय मात्र बोटांना कळत होतं… भलतंच जोरात चाललं होतं. निवटी निघाली. खिशावर चिखलाचा मोठा डाग राहिला. मी रुमाल पुढे केला तर तो म्हणाला, "राहू द्या. आज पहिला दिवस आहे माझा. लक्षात राहीन सगळ्यांच्या."

बोईसरला मी उतरले, तोही उतरला. मी शाळेच्या रस्त्याला लागले, तोही लागला. फाटकापाशी मी थांबून मागे वळले.

"तुम्ही माझ्या मागे येताय?"

"मी बी.एड.च्या सराव पाठांसाठी आलोय," तो म्हणाला, "जीवशास्त्र."

मी डबा घेऊन तशीच उभी. कारण मीही त्याचसाठी आले होते.

मी पालघरच्या कॉलेजची, तो डहाणूकडच्या. दोघांनाही एकाच शाळेत, एकाच मॅडमच्या हाताखाली पाठवलं होतं. मी हेमांगी तामोरे, बी.एस्सी. प्राणिशास्त्र. तो पंढरी निखाडे, बी.एस्सी. वनस्पतिशास्त्र. "तरीच मासा ओळखता आला नाही," मी हसून म्हटलं. "नाव आजोबांचं आहे," तो म्हणाला. "हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मुलांसमोर अडचण होते."

शाळेच्या विज्ञानाच्या शिक्षिका विजया मॅडम कडक होत्या. त्यांनी आम्हा दोघांना नववी ब दिली. एकाने शिकवायचं, दुसऱ्याने मागच्या बाकावर बसून निरीक्षण करायचं, तास संपल्यावर चुका सांगायच्या. निवट्यांचा तास मी घेतला. मुलं बाकांवर चढून बघत होती. मला वाटलं, झकास झाला.

व्हरांड्यात पंढरी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "एक सांगू? तुमचा पाठ बघायला बसवलंय मला, आणि तुम्ही सगळा वेळ फळ्याकडे तोंड करून… पाठच दाखवता."

माझे कान गरम झाले.

"तशी माझी तक्रार नाही," तो हळूच म्हणाला आणि पुढे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी माझी पाळी. त्याने पानांचे प्रकार शिकवले. मी म्हटलं, "झाडांबद्दल बोलताना तुमचा आवाज इतका हळू होतो की मागच्या बाकावर झोप येते."

"मग तुम्ही झोपलात?"

"नाही… मी जागी होते."

हे मी का म्हटलं, मलाच कळलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. मी घाईघाईने चार्ट गुंडाळायला लागले आणि तो उलटा गुंडाळला.

थंडीचे दिवस होते. सकाळी शाळेच्या मैदानावर धुकं असायचं, आणि वारा फिरला की त्यात कारखान्यांचा आंबूस वास मिसळायचा. मधल्या सुट्टीत आम्ही प्रयोगशाळेच्या पायरीवर डबे उघडायचो. त्याच्या डब्यात तिखटजाळ भाजी, माझ्या डब्यात सुक्या बोंबलाची चटणी. महिनाभरात डब्यांची अदलाबदल ठरूनच गेली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते आठवत नाही.

एका रविवारी तो आमच्याकडे किनाऱ्यावर आला. म्हणे मुलांना दाखवायला शंख-शिंपले हवेत. माझी आई, हंसा, कट्ट्यावर चिंबोऱ्या साफ करत होती. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कुठला रं तू?"

"आमचं मूळ गाव भंडाऱ्याकडे, मावशी. बाबा इथल्या कारखान्यात आहेत. कुंभवलीला राहतो."

"भंडारा म्हंजे कुठं? दर्या हाय का तिकडं?"

"नाही. तलाव आहेत. मासे पुष्कळ."

"तलावातला मासा तो काय मासा नाय," आई म्हणाली आणि त्याला जेवायला बसवलं. त्याने चिंबोरीचा नांगा इतक्या शास्त्रशुद्ध पद्धतीने फोडला की आई पदर तोंडाला लावून हसली. जाताना तो दारात घुटमळला. "हेमांगी, तुला एक सांगायचं होतं…" म्हणाला. तेवढ्यात आईने त्याच्या हातात चिंबोऱ्यांची पिशवी दिली, आणि ते सांगणं राहून गेलं. मी रात्रभर मनातल्या मनात ते वाक्य पुरं करत होते. माझ्या परीने. गोड करून.

सराव पाठाला आम्हा मुलींना साडी सक्तीची. माझा ब्लाउज उसवला तेव्हा पंढरी म्हणाला, "माझी ताई शिवते." म्हणून मी कुंभवलीच्या चाळीत गेले. त्याची मोठी बहीण प्रियदर्शिनी मशीनपाशी बसली होती. सडपातळ, तोंडाची फटकळ, पायावर शाल. उठली तेव्हा किंचित लंगडत चालली. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात हलकी पिवळी छटा होती.

"हीच काय ती, चिंबोरीवाली?" तिने विचारलं. पंढरी आत पळाला. ताईने माप घेताना माझ्या कानात सांगितलं, "घरात तुह्यंच नाव चालते सध्या. मले तर तुह्या मासोळ्यांचीही नावं पाठ झाली."

परतताना मी पंढरीला विचारलं, "ताईंना बरं नसतं का?"

"तिला थंडी सोसत नाही," तो म्हणाला. एवढंच. मी प्राणिशास्त्राची पदवीधर, आणि मला पुढचा प्रश्न सुचला नाही.

मग नववीला 'आनुवंशिकता व परिवर्तन' हा धडा आला. त्यात सिकलसेल. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य दुखतं. मी फळ्यावर चार चौकटी काढून शिकवलं. आई आणि वडील दोघंही नुसते वाहक असले, त्यांना स्वतःला काहीही त्रास नसला, तरी प्रत्येक मुलामागे चारात एक शक्यता आजाराची. पोरांना चौकटी आवडल्या. त्याच आठवड्यात आरोग्य केंद्राची मंडळी शाळेत तपासणीला येणार होती. विजया मॅडम म्हणाल्या, "दोघं थांबा मुलांजवळ. घाबरतात सुईला."

वैभवी सिस्टरनी टेबलावर छोट्या काचेच्या नळ्या मांडल्या. मागे पुठ्ठ्याला टेकवून जाड काळ्या रेषांचा कागद उभा केला. "बोटातला एक थेंब या औषधात टाकायचा," त्यांनी मुलांना समजावलं. "थोडा वेळ थांबायचं. नळीतून मागच्या रेषा स्पष्ट दिसल्या तर काळजी नाही. नळी गढूळ झाली, रेषा दिसेनाशा झाल्या, तर पुढची तपासणी करायची."

कुणी पुढे येईना. पहिल्या बाकावरची भागी म्हणाली, "मॅडम, आधी तुमी द्या."

"देते की," मी म्हटलं आणि बोट पुढे केलं. "पंढरी सर, तुम्ही पण या."

"माझी झालीय आधी," तो म्हणाला. मी त्याला चिडवलं. सरांना सुईची भीती वाटते, असं मुलांना सांगितलं. मुलं हसली. तो हसला नाही.

माझी नळी कागदासमोर ठेवली होती. मी मुलांची बोटं धरत होते, कापूस देत होते. भागी मात्र नळीसमोर वाकून बसली होती.

"मॅडम," ती म्हणाली, "रेषा दिसत नाय."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. दुधासारखं झालंय."

मी वळून पाहिलं. नळी गढूळ होती. मागे काळ्या रेषा होत्या, मला ठाऊक होतं की आहेत, पण त्या दिसत नव्हत्या. मी नळी उचलली, पुसली, पुन्हा ठेवली. काच बाहेरून धुरकटली असेल, असं मला खरोखर वाटलं. वैभवी सिस्टर शांतपणे माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "बसा मॅडम. दंडातलं रक्त घेऊ, पालघरला पाठवू. बहुतेक तुम्ही वाहक असाल. वाहक म्हणजे आजारी नव्हे… तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीच शिकवता."

मीच शिकवत होते. कालच. याच मुलांना. आणि आता माझ्या कानात नुसतं सूं होत होतं. मी मान वर करून पंढरीला शोधलं. तो दाराशी उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. माझ्याकडे नव्हे, त्या नळीकडे बघत होता तो. मग वळला आणि व्हरांड्यात निघून गेला.

पालघरहून निकाल आला. वाहक. मला कसलाही आजार नव्हता, होणारही नव्हता. आईला मी दहा वेळा समजावलं. ती म्हणायची, "आमच्यात कुणाला काय नाय. ती सुई खोटी." आणि रोज ताटात बीट वाढायची. कधी रात्री जाग आली की ती अंधारात छताकडे बघत असायची. "माझ्याकडनं आलं का गं तुला?" एकदा तिने विचारलं. मी तिला जवळ घेतलं. बाबा बोटीवर होते. बोलायला दुसरं कुणी नव्हतं, आणि जो होता तो मला टाळत होता.

पंढरीने पाळी बदलून घेतली होती. आता तो सकाळच्या वर्गांना यायचा, मी दुपारच्या. शेवटी एका दुपारी मी लवकर गेले आणि त्याला प्रयोगशाळेत गाठलं. तो काचेची भांडी धूत होता.

"मी वाहक निघाले म्हणून तू बोलणं सोडलंस?" मी विचारलं. "आजार चिकटत नाही, वनस्पतिशास्त्रवाल्यांना माहीत असतं ना एवढं?"

त्याने नळ बंद केला.

"मीपण वाहक आहे," तो म्हणाला. "लहानपणापासून माहीत आहे. ताईला सिकलसेल आहे."

ते पिवळसर डोळे, ती शाल, ते लंगडत चालणं… सगळं समोर होतं, आणि मी माप देऊन आले होते.

"आधी का नाही सांगितलंस?"

"सांगायला आलो होतो त्या रविवारी. मग वाटलं, घाई काय आहे. आपल्यात अजून काही ठरलेलंही नाही. आणि तू कशाला असशील वाहक… किनाऱ्यावरच्या लोकांत हजारात एखादं कुणी असतं." तो ओल्या हातांकडे बघत होता. "ताईचं दुखणं सुरू झालं की आई मला शेजारी पाठवायची. ऐकू नये म्हणून. तिथेही ऐकू यायचं. मी उशी कानावर धरायचो. तरी यायचं. हेमांगी, ते सगळं मी माहीत असून, मुद्दाम, एखाद्या मुलाच्या वाट्याला आणू? आपण इथेच थांबू या."

"आपण?" मी म्हटलं. "तू मला काही विचारलंस का, पंढरी? तू मला अजून 'आवडतेस'सुद्धा म्हणाला नाहीस, आणि डायरेक्ट थांबू या?"

त्याने पुन्हा नळ सोडला. मी बाहेर आले. मला रडायचं होतं, पण रडूही येईना. कुणी जोरात कानशिलात मारली की काही क्षण दुखतच नाही, तसं काहीतरी झालं होतं.

वार्षिक पाठ आला. ज्याच्या गुणांवर आमची पदवी अवलंबून, तो पाठ. बाहेरून परीक्षक आले होते, विजया मॅडम त्यांच्या शेजारी, आणि निरीक्षक म्हणून मागच्या बाकावर पंढरी, कारण जोडी बदलायची परवानगी त्याला मिळाली नव्हती. विषय मी बदलू शकले असते. बदलला नाही. पुन्हा त्याच चार चौकटी काढल्या. खडू दोनदा तुटला.

शंका विचारा म्हटल्यावर भागी उठली.

"मॅडम, दोघं वाहक असले तर त्यांनी लगीन करायचंच नाय का?"

परीक्षकांनी चष्मा वर केला. या प्रश्नाचं उत्तर माझ्या पाठाच्या टाचणात नव्हतं. पुस्तकात लग्नाआधी तपासणी करा असं होतं, पण तपासणी झाल्यावर दोन माणसांनी एकमेकांकडे कसं बघायचं, ते नव्हतं.

"मला माहीत नाही, भागी," मी म्हटलं. विजया मॅडमचा हात कपाळाला गेलेला मला दिसला. "चौकटी शक्यता सांगतात. कुणी काय करावं ते सांगत नाहीत. डॉक्टर मदत करतात, मूल पोटात असतानाच तपासण्या करता येतात. पण त्या दोघांनी काय करायचं, ते त्या दोघांनी ठरवायचं." मग मी मागच्या बाकाकडे पाहिलं. "दोघांनी. एकाने परस्पर नाही."

पंढरीने मान खाली घातली. परीक्षकांनी काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला मग कळलं. चांगलंच लिहिलं होतं. त्या वेळी मात्र मी फळा पुसताना एवढंच बघत होते की तो अजून बसलेला आहे की गेला.

शिवायला टाकलेला ब्लाउज ताईकडेच राहिला होता. दोन दिवसांनी मी तो आणायला गेले. पंढरी घरी नसेल अशी वेळ बघून. ताईने ब्लाउज हातात दिला, आणि सोडला नाही. दोघींच्या हातात एकेक बाही.

"तुमचं काऊन बिनसलं?" तिने विचारलं. "तो नीट जेवत नाही, अन् तू चोरासारखी येतेस."

तिला काहीच माहीत नव्हतं. मी सांगायला नको होतं कदाचित. पण तिने असं सरळ विचारलं की मी सांगून टाकलं. नळी, निकाल, प्रयोगशाळा, सगळं. बोलता बोलता लक्षात आलं की दारात पंढरी उभा आहे. बराच वेळ असावा.

ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने भावाकडे पाहिलं.

"म्हणजे माह्यासारखं कोणी पुन्हा जन्माले येऊ नये, म्हणून तू हिले नाही म्हणालास."

"ताई, तसं नाही…"

"तसंच आहे. तू शब्द बरे लावशील. पण तसंच आहे."

पंढरी भिंतीला टेकला. हे त्याच्या मनातही आलं नव्हतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मले दुखते," ताई म्हणाली. आवाज न चढवता. "लय दुखते. मरण बरं वाटते तेव्हा. पण ते गेलं की मी ब्लाउज शिवते, शेजारणीशी भांडते, टीव्ही पाहते, तुह्या लग्नात कोणती साडी नेसायची ते ठरवते. ते तू पाहिलं नाहीस काय? कानावर उशी धरून बसलास नुसता? जगायचं काय म्हणून मले कोणी विचारलं, तर 'हो' सांगाले मी मशीनही थांबवणार नाही."

खाली चाळीत कुणीतरी भांडी घासत होतं, त्याचा आवाज येत होता.

"लेकरू होऊच द्या, असं मी म्हणत नाही," ती पुढे म्हणाली. "होऊ द्याचं, नाही द्याचं, कोणाचं आणून वाढवायचं, का दोघंच राहायचं… ते तुमचं. तपासण्या आहेत, डॉक्टर आहेत. पण माह्या दुखण्याची ढाल करून पोरीले वापस नको पाठवू. भीती तुले वाटते. तुह्या नावानं सांग."

तिने माझ्या हातातली बाही सोडली आणि मशीनकडे वळली. तिचे खांदे हलत होते. पंढरी जाऊन तिच्या पायाशी बसला. मी चपला घालून निघाले. ते त्या दोघांचं होतं.

त्यानंतर चार-पाच दिवस काहीच नाही. ना फोन, ना निरोप. मी स्वतःला समजावून टाकलं होतं की संपलं. संध्याकाळी किनाऱ्यावर बायका वाळलेले बोंबील काढायला जमल्या होत्या. बांबूंवर रांगाच रांगा, मावळतीच्या उन्हात चकाकणाऱ्या. मी आईच्या शेजारी टोपली घेऊन उभी होते. तेवढ्यात वाळूतून तो येताना दिसला. दोन्ही हातांत एकेक बूट.

तो माझ्याकडे आलाच नाही. आईपुढे जाऊन थांबला.

"मावशी, हेमांगीच्या रक्तात जे आहे तेच माझ्याही रक्तात आहे. माझ्या बहिणीला तो आजार पूर्ण आहे. हे तुमच्या घरी जेवलो तेव्हाच सांगायला हवं होतं."

आईने हातातले बोंबील खाली ठेवले. त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच काहीतरी सैल झाल्यासारखं मला वाटलं. आपल्या लेकीसारखंच आणखी कुणीतरी धडधाकट, शिकलेलं, समोर उभं होतं म्हणून असेल.

"तुज्या आईला पण असंच वाटलं असेल," ती हळूच म्हणाली. "तिच्याकडनं आलं म्हणून."

"अजून वाटतं तिला."

"मग आता?"

"आता हिला विचारायला आलोय. तुमच्यासमोर. मागच्या वेळी मी एकट्यानेच 'नाही' म्हणून टाकलं होतं."

आजूबाजूच्या सगळ्या बायकांचे हात थांबले. मी टोपली छातीशी धरून उभी. पळावं की काय, असंही वाटून गेलं. तो माझ्याकडे वळला. वाऱ्याने त्याचे केस कपाळावर येत होते आणि बूट हातात असल्यामुळे त्याला ते सावरता येत नव्हते.

"हेमांगी, तू मला आवडतेस. हे मी पहिल्यांदा सांगायला हवं होतं, ते सगळ्यात शेवटी सांगतोय. मला तुझ्याशी लग्न करायचंय. मुलाचं काय करायचं, ते मला माहीत नाही. आपण डॉक्टरांकडे जाऊ, विचारू, भांडू… पण तुझ्यासोबत. मला भीती वाटते. ताईच्या नावाने नाही, माझ्याच नावाने सांगतो. खूप भीती वाटते. तरी विचारतोय."

इतके दिवस न आलेलं रडू नेमकं आत्ता, अख्ख्या किनाऱ्यासमोर येऊ बघत होतं.

"मलापण वाटते," मी म्हटलं.

"मग…?"

"मग काय… एकट्याला वाटत असती तर अवघड होतं."

तो बघत राहिला. मीही. बाजूच्या एका म्हातारीने आईला कोपर मारलं.

"म्हंजे हो का नाय?" आई वैतागून म्हणाली. "नीट सांग गं. आमाला कलत नाय तुमचं."

"हो, आई," मी म्हटलं. "हो."

आईने डोळ्यांना पदर लावला, नाक पुसलं, आणि लगेच त्याच्याकडे वळली.

"दव पडायच्या आधी हे सगलं उचलायचं हाय. जावई व्हायचं असेल तर ते बूट ठेव आनि वाक."

त्याने बूट वाळूत ठेवले, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि माझ्या शेजारी वाकून खालच्या बांबूवरचे बोंबील काढायला लागला. एकेक, जपून, जणू तुटले तर कुणी गुण कापणार होतं. टोपली एकच होती. त्यामुळे त्याचा खांदा माझ्या खांद्याला पुन्हा पुन्हा लागत होता, आणि आमच्यापैकी कुणीच बाजूला सरकलं नाही.